नॉर्वेच्या महाराजाला गाऱ्हाणे

मालवणच्या बाजारात रविराजचे रेडियमचे दुकान होते. होड्यांची नावे, नंबर, मखराची नक्षी, सगळे तो कॉम्प्युटरवर काढायचा आणि मशीनवर कापायचा. वळणदार रेघा काढण्याचे काम एक फुकटची ग्राफिक्स लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, करी. तिचा कोड सगळ्यांना खुला. पण त्यात दुरुस्ती चढवायची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकाच माणसाकडे, तो कोड लिहिणाऱ्या नॉर्वेच्या हेन्रिककडे. आणि हा बाबा तीन वर्षे गप्प होता.

२००७ साली नव्या कॉम्प्युटरवर लायब्ररी अडखळू लागली. गोल अक्षरांना कोपरे फुटू लागले. रविराजने महिनाभर डोके खपवून दोष शोधला आणि दुरुस्त केला. त्याचे स्वतःचे काम भागले. पण जगभरातले लोक त्याच दोषाशी झगडत होते, आणि त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचवायला किल्ली हवी होती. नवे नाव देऊन वेगळी चूल मांडायला कायद्याची आडकाठी नव्हती. त्याच्या मनालाच ते पटेना. दुसऱ्याची होडी मालकाला विचारल्याशिवाय रंगवतात होय? त्याने हेन्रिकला सहा ई-मेल पाठवले. उत्तर नाही. गडी अगदी रडकुंडीला आला.

त्याचे वडील तुकाराम गावच्या देवळात गाऱ्हाणे घालत. सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्यांचा. त्यांनी ई-मेलचा मजकूर मराठीत ऐकला आणि कपाळाला हात लावला.

"माका ह्या व्हया, माका ता व्हया. असा मागल्यार कोण देतलो? आधी आपली चूक कबूल कर रे, मगे माग."

"माझी कसली चूक, बाबा?"

"इतकी वर्सां फुकट वापरलंस. एकदा तरी तेका बरा म्हटलंस काय?"

म्हटले नव्हते खरे. रविराज ओशाळला.

मग तुकाराम सांगत गेले आणि तो इंग्रजीत उतरवत गेला. महाराजा, तुझ्या लेकरांनी तुझे खाल्ले आणि तुलाच विसरली, ती चूक पदरात घे. तुझे काम बंद पडू देऊ नको, आमच्या हातून करून घे. 'महाराजा' तेवढे गाळू या, असे रविराज म्हणाला. गाऱ्हाण्यात देवाला अशीच हाक मारतात, म्हणून तुकारामांनी साफ नकार दिला. विषयाच्या जागी 'माफी' असे लिहून त्याने ते पाठवले.

चौथ्या दिवशी उत्तर आले. 'मी महाराजा नाही, शाळेत गणित शिकवतो. तीन वर्षे नुसत्या तक्रारी येत होत्या, म्हणून उघडणेच सोडले होते. माफी कोण मागतो आहे, ते बघायला हे उघडले.' खाली किल्ली होती, आणि यापुढे तक्रारी रविराजकडे येतील असेही लिहिले होते. त्याखाली हेन्रिकने स्वतःच्या अकरा चुकाही कबूल केल्या होत्या, कोडातल्या ओळींच्या आकड्यांसकट.

रविराज भर बाजारवेळी दुकानाचे शटर ओढून घरी धावला. तुकारामांनी शांतपणे ऐकून घेतले.

"आता महाराजा तू," ते म्हणाले. "कोणी साद घातल्यान तर गप रवू नको."

दुसऱ्या दिवशी पेरू देशातून कुणाची तरी चिडकी तक्रार आली. निम्मी कळलीच नाही. रविराजने आधी लिहिले, 'उशीर झाला, चूक आमची,' आणि मग दोष शोधायला बसला.