तुमची गरज काय?

रंगुबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून हे पत्र लिहायचं राहिलं, ही माझी सबब. वाचून दाखवणारं कुणीतरी मिळालंच असतं. तर आता ऐका. त्या वेळच्या सुहासिनीला, म्हणजे तेव्हाच्या मला, मी 'ती'च म्हणणार आहे. तिच्याशी माझं फारसं पटत नाही. आणि चार लोकांना तुम्ही कळाव्यात म्हणून पुढं तुमचंही नाव घेऊनच सांगते.

साल चव्वेचाळीस. सांगलीत चिंतामणराव नावाच्या मालकांच्या मागशाळेत फौजेसाठी कांबळी विणली जात. दिवाळीच्या आत माल द्यायचा होता, आणि सगळ्यांत कमी काम रंगुबाईच्या मागावर निघे. बाई जतकडची, मेंढरांमागं चालत वाढलेली. नवरा बिराप्पा अजून कळपाबरोबरच फिरे. वीतभर विणलं की ही उठे, आडवा धागा ओवायचा, बापानं बोरीच्या लाकडाचा करून दिलेला धोटा कमरेला खोची आणि साऱ्या मागांवरून चक्कर मारून येई. चिंतामणराव घड्याळ लावून तिच्या फेऱ्या मोजत. महिन्यात तिला एका जागी बसवा, नाहीतर काढून टाका, असं त्यांनी सुहासिनीला बजावलं.

सुहासिनी साताऱ्याची, मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, बायकांचं काम कसं वाढेल ते बघायलाच नेमलेली. तिच्या वहीत तीन मतं होती. पहिलं सांगे, माणूस मजुरीसाठी राबतो, तेव्हा नगामागं दर वाढवा. दर वाढवला, बाकीच्यांचे हात भरभर चालू लागले, रंगुबाईचे पाय काही थांबेनात. दुसरं मत अमेरिकेतल्या एका कारखान्यावरून निघालेलं. तिथं दिवे वाढवले तरी काम वाढलं आणि कमी केले तरी वाढलं, कारण कुणीतरी आपली दखल घेतंय एवढंच बायकांना पुरलं. मग सुहासिनी आठवडाभर रंगुबाईजवळ स्टूल टाकून बसली. शेवटी रंगुबाईनंच तिला विचारलं, की तुम्हाला घरी काही काम नसतं का.

तिसरं मत ताजं, गेल्याच साली छापलेलं. गरजांची चढण असते म्हणे: आधी पोट, मग निर्धास्तपणा, मग आपली माणसं, मग मान. रंगुबाई कुठल्या पायरीवर अडली ते कळलं की झालं. सुहासिनीनं कागद आखला आणि भर मागशाळेत विचारलं,

"रंगुबाई, इथं तुमची गरज काय?"

आजूबाजूचे माग थांबले. रंगुबाईनं धोटा मागावर ठेवला.

"काय न्हाई," म्हणाली, आणि बाहेर पडली.

सुहासिनीनं रकान्यात लिहिलं: काही नाही. बाई पाणी प्यायला गेली, असंच तिला वाटलं.

दुपारपर्यंत चार मागांवर सूत तुटून पडलं होतं. शेजारची तानुबाई वर न बघता बोलली, "तुटलं की आमचं समद्यांचं तीच सांधायची. गाठ दिसायची न्हाई. आन् तुमी तिलाच पुसलं, तुजी गरज काय."

तेव्हा कुठं सुहासिनीला आपलेच शब्द रंगुबाईच्या कानांनी ऐकू आले: इथं तुम्ही हव्यातच कशाला?

दुसऱ्या दिवशी, लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीनं, तिनं रंगुबाईच्या बहिणीचं गाव पलूस गाठलं. रंगुबाई बहिणीच्या दारात बोचकं बांधत होती. कळपाबरोबर निघायचं ठरलं होतं. सुहासिनीनं घाईघाईनं सगळा घोटाळा उलगडून सांगितला. रंगुबाई हसली.

"आवं बाई, गरज पुसत्यात व्हय? जिची गरज आसंल तिला हाक मारत्यात."

"मी हाक मारायलाच आलेय."

"तुमी मारताय. मालक मारंल का?"

ते सुहासिनीनं मालकांना विचारलंच नव्हतं. रंगुबाईनं गाठ आवळली आणि एवढंच सांगितलं, की येत्या बाजाराच्या दिवशी कळप रहिमतपूरला उतरेल, तिथं धोटा तेवढा आणून द्या. रिकामे हात लय छळतात.

बाजाराच्या दिवशी सुहासिनी धोटा पिशवीत घालून मोटार स्टँडवर गेली. तीन मतांची तुलना करणारा अहवाल त्याच दिवशी द्यायचा होता. मोटार सुटायला अवकाश होता, आणि तिसऱ्या मताखाली एक वाक्य घालायचं राहिलं होतं. ती ते घालायला माघारी गेली. परत आली तेव्हा मोटार सुटली होती. रहिमतपूरची त्या दिवशी ती एकच; धोटा अजून माझ्यापाशीच आहे.