चाक बाटतं म्हणे

डिचोलीतल्या कुंभाराच्या घरात माझा जन्म झाला आणि मातीचं हर एक काम मी केलं. शेतातली माती खणली, डोक्यावरून आणली, कुटली, चाळली, पायांनी मळली. फक्त चाकाला हात लावायचा नव्हता. चाकावर पुरुषच बसणार, बाईने शिवलं तर चाक बाटतं म्हणे. आम्ही मळलेली माती त्यावर चढताना मात्र काही बाटत नसे! कुंभारीण म्हणजे कुंभाराची बायको; मडकी घडवणाऱ्या बाईसाठी निराळा शब्दच नव्हता. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे होते. बाबा मराठीवाले, शेजारी राहणारे काका कोंकणीवाले; घरात मात्र दोघेही बोलत कोंकणीच. संध्याकाळी रस्त्याकडच्या सोप्यावर बसून दोघे एकमेकांवर तुटून पडत. पुढे गोव्याचं राज्य झालं तरी त्यांचं जमलं नाही. पोरीने चाकाकडे फिरकायचं नाही, यावर तेवढं दोघांचं कायम एकमत.

मग जवळच एक प्रशिक्षण केंद्र निघालं. तिथे विजेचं चाक होतं आणि मडक्यांना काचेसारखी झिलई द्यायलाही शिकवत. बाबांनी भावाला चाकासाठी पाठवलं, मला झिलईसाठी. रंगरंगोटी बायकांची, म्हणून. पण भावाचा जीव खाणीच्या ट्रकांत. सकाळी तोंड दाखवून तो ड्रायव्हरांच्या घोळक्यात जाऊन बसे. चाक रिकामं दिसलं, मी बसले. पहिल्या दिवशी माती उडून भिंतीला चिकटली. पावसाळा सरेपर्यंत माझ्या हातून सरळ गळ्याचा कळसा उतरायला लागला होता.

पहिला चांगला कळसा मी एकदा भाजला, निळ्या झिलईत अख्खा बुडवला आणि पुन्हा भाजला. काय चकाकत होता! घरी नेला, आईने पाणी भरलं. दुपारी पाणी कोमट ते कोमटच.

"ह्या कळशाक घामच येना गो," आई म्हणाली.

झिलईने मातीची भोकं बुजली, तर पाणी पाझरणार कुठून आणि थंड होणार कसं? कुंभाराच्या घरात वाढून एवढं मला सुचलं नव्हतं. बाबा हसले. "चल्यान बरो घडयलो, तुवें रंग लावन वायट केलो." चल्यान म्हणजे पोराने! घडवला मी, कौतुक भावाचं, चूक तेवढी माझी. भाऊ ट्रक बघायला बाहेर सटकला. मी तोंड उघडलं असतं तर केंद्र सुटलं असतं, म्हणून राग गिळला.

दुसऱ्या खेपेला कळसा उपडा धरून फक्त गळा आणि खांदा झिलईत बुडवला. पोट कोरं ठेवलं. घरी भरून ठेवल्यावर पोटावर घाम फुटला. बाबांनी एक पेला रिकामा केला, दुसरा भरून घेतला आणि म्हणाले, "पळे, आतां बसलो चल्याचो हात."

आता मात्र माझ्याने राहवेना. "बाबा, चाकार हांव बसलेलें."

त्यांनी भावाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. ओरडतील, कळसा फोडतील, असं मला वाटलं. बाबांनी पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "भायर खंय उलोवं नाका."

बाहेर कुठे बोलायचं नाही म्हणे! कळसा फोडला असता तरी चाललं असतं. पाणी गोड लागलं आणि ते देणारा हात लपवायचा? मी कळसा उचलला आणि बाहेर सोप्यावर नेऊन ठेवला. खनिजाचे ट्रक तिथे पाण्यासाठी थांबत. थोड्या वेळाने सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर उतरला. बाबा माझ्यामागून बाहेर येऊन बसले होते.

"पाणी गार हा," ड्रायव्हर म्हणाला. "ह्यो कळसो कोणी केल्यान?"

"आमच्या चल्यान," बाबा म्हणाले.

"हांवें!" शेजारी काकांनाही ऐकू जाईल एवढ्या जोरात मी ओरडले. "हांवें केला!"

ड्रायव्हरने मिशी पुसली आणि पेला पुढे केला. "बरो हा. आणखी घाल."

एवढंच. आभाळ कोसळलं नाही, काही नाही. एवढ्याला भिऊन माझी आई, आजी, तिची आई जन्मभर माती मळत राहिल्या. मी त्याचा पेला ओतू जाईपर्यंत भरला; राग काही उतरला नव्हता.