तेंदूच्या फडावरचं कासव

ऐंशीच्या दशकात मी धानोऱ्याकडच्या एका गावात तेंदूपत्त्याच्या फडावर मुन्शी होतो. फड म्हणजे मोकळं मैदान. बाया जंगलातून विडीची ही पानं तोडून त्यांची पुडकी बांधून आणायच्या, ती तिथं ओळींनी वाळत ठेवायची, मग एकेक पुडकं हातानं पलटायचं. मे महिन्यातलं ऊन असं, की माणसाची सावलीसुद्धा घाबरून त्याच्या चपलेखाली लपायची. मी मोहाखाली बसून आयांबरोबर आलेल्या पोरांना गोष्टी सांगायचो. माझ्याइतका खरं बोलणारा माणूस चंद्रपूर ते सिरोंचा सापडायचा नाही. पण पोरांना ते पटत नव्हतं. त्यांचा नियम होता : गोष्टीत फेक सापडली, की मुन्शीभाऊनं एक ओळ पलटायची. अर्धा मोसम सरेपर्यंत माझ्या पाठीचं धनुष्य झालं होतं.

मग मी डाव टाकला. भद्रावतीला, फॅक्टरीच्या कॉलनीत राहणाऱ्या मावसभावाकडे, मुलांच्या पुस्तकात मी एक कासव पाहिलं होतं. ते मुळातच इतकं अचाट, की पदरचं काही घालायला जागाच नव्हती. पोरांना म्हटलं, "आज फेक पकडली तं आख्खा फड मी पलटतो. नाई पकडली तं या मोसमात मी सावलीतून उठणार नाई."

"कबूल!" म्हणाली एक वेणीवाली पोरगी. वय आठेक वर्षांचं, नजर जंगलखात्याच्या गार्डाची.

फडावर बैलगाडी सोडून ठेवली होती. मी काठीनं तिच्याभोवती मातीत कासव काढलं. जुवापासून मागच्या फळीपर्यंत सगळी गाडी त्याच्या पोटात.

"एवढं कासव? फेक!" पोरं ओरडली.

"याचं नाव आर्केलॉन. सात कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहायचं. तेव्हा माणूस नावाचा प्राणीच नव्हता, म्हणून जगात शांतता होती. याले दात नाई, पोपटासारखी वाकडी चोच."

"फेक!"

"पाठीवर टणक ढाल नाई. घराच्या छपराचे बांबू लागले अन् कवेलू चढवायचे रायले, तं कसं दिसते? तशा फासळ्या. अन् वरून कातडं."

"डबल फेक!"

"पायाच्या जागी वल्हे. अन् डोकं आत घेताच येत नाई."

पोरगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कासव हाय अन् डोकं आत घेत नाई? उठा भाऊ, फड वाट पाहून राह्यला."

तेवढ्यात गावच्या शाळेचे गुरुजी आपली पुडकी द्यायला आले. पोरांनी त्यांना न्यायाधीश केलं. गुरुजींनी सगळं ऐकलं, मातीतलं चित्र पाहिलं आणि कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं. "पोरांनो, हे खरं आहे. आजचं समुद्री कासवही डोकं आत घेत नाही. याची हाडं अमेरिकेत निघाली, आता जिथं समुद्राचा पत्ता नाही तिथं. आपल्या सिरोंच्याकडे झाडांचे दगड झालेले निघतात ना, तशी दगड होऊन." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरे आहात ना?"

पोरांची तोंडं उतरली. मी मोहाच्या बुंध्याला टेकलो, पाय पसरले. इथं थांबायला हवं होतं. पण जीभ माझी, तिला सावली मानवत नाही.

"अन् याच कासवावर बसून," मी म्हणालो, "माझा आजा सिरोंच्याला सोयरीक पाहाले गेलता."

वेणी ताडकन वळली. "तेव्हा माणूस नोहता म्हणाले ना तुमी? मंग तुमचा आजा कोन होता?"

गुरुजी इतके हसले की त्यांची पुडकी सुटली.

मी उन्हात उतरलो. माझ्या जागी सगळी पोरं बसली. पोरगी मात्र देखरेखीला मागं मागं. तीन-चार ओळी झाल्यावर हळूच म्हणाली, "भाऊ, त्याले भेव वाटलं तं ते डोकं कुठी लपवे?"

"कुठीच नाई. पोहत सुटायचं."

गाडीवान बैल जुंपायला आला, तेव्हा ती धावत जाऊन त्याला म्हणाली, "काका, गाडी मागून काढा. समोर त्याचं डोकं हाय."

तो फड मी त्याच दुपारी पलटला, एकट्यानं, एका हातानं. पोरांनी शेवटच्या ओळींना हात लावला होता, पण ते काही धरायचं नसतं. दुसरा हात मला लागतच होता. पोरीला पुढची गोष्ट हातवारे करून समजावून द्यायची होती.