दोराचं टोक

वडगाव रासाईत भीमेत बुडालेल्या पाण्याच्या मोटारी बुडी मारून काढून देणारे एक मामा आहेत. बोलताना ते माणसाकडे नाही, नदीकडे बघतात. परवा काठावर मी त्यांना माझी ताजी कविता डोळे मिटून, हातवारे करत ऐकवली. नदी माय आहे, लेकरांना कुशीत घेते, असं तीत होतं. टाळी ठरलेलीच, असं मी धरून चाललो होतो.

"मास्तर, दोर धरा," एवढंच मामा म्हणाले. धरणातून पाणी सोडलेलं, आणि एक मोटार तळाच्या गाळात रुतलेली. "दोन हिसकं दिलं की वडा. कविता म्हनत बसू नका."

कमरेला दोर बांधून ते बुडाले. थोडा वेळ बुडबुडे आले, मग तेही थांबले. दोर ढिलाच. मी वाकून पाण्यात बघत राहिलो. एवढ्यात दोन हिसके बसले. मी चिखलात आपटलो, पण ओढत राहिलो, तळवे सोलले.

मामा वर आले, खोकले, पाणी थुंकले.

"ती कुशीची ओळ खोडतो," मी म्हणालो.

"कशापायी? घेती की कुशीत," ते नदीकडे बघत म्हणाले. "सोडत न्हाई, तेवढं फुडं लिवा."