खऱ्या थंडीसाठी राखलेल्या करवंट्या

सकाळी वीज गेली, गीझर थंड पडला आणि मला आठवण झाली ती शेजारच्या दामूअण्णांच्या बंबाची. गॅलरीतून पाहिलं, तर तांब्याचा तो बंब परसात लखलखत उभा होता. धुराची मात्र रेघही नव्हती. मागे करवंट्यांची नीट रचलेली रास आणि सुताराकडून आणलेल्या भुशाची तीन पोती. हिवाळ्यात वीज जाते म्हणून हा माणूस गणपतीपासून जळण साठवतोय. आळीत कुणाकडे नारळ फुटला, की अण्णा करवंटीसाठी दारात हजर.

तेवढ्यात न्हाणीघरातून "हर हर गंगे" अशी आरोळी आली. ती भक्तीची नव्हती, गार पाण्याची होती.

अण्णा कुडकुडत बाहेर आले. मी विचारलं, "अण्णा, बंब नाही पेटवला?"

"आत्ताच?" दात वाजत असतानाही त्यांनी मला वेड्यात काढलं. "खरी थंडी अजून कुठे पडलीय!"

आतून वहिनी ओरडल्या, "गेल्या हिवाळ्यातल्या करवंट्याही तशाच आहेत, विचारा त्यांना!"

मला हसू आवरेना. माणूस एखादी गोष्ट इतक्या मायेनं राखून ठेवतो, की ती वापरायला पुढे कुठलाच दिवस त्याच्या पसंतीला उतरत नाही.

हसत हसतच मी कपाट उघडलं. लेकीनं दिलेली पश्मिन्याची शाल चार वर्षं तशीच होती. तिच्यावरून हात फिरवला आणि कोपरात उसवलेला जुना स्वेटर अंगात चढवला. एवढ्याशा गारठ्याला तिची घडी कशाला मोडायची?