हेडली खाटकाचा ट्रेलर

टॅलाबिनमधलं पोर चालायला लागलं की वर्षभरात ट्रेलर मागे घ्यायला शिकतं, असं तिथले लोक छातीठोकपणे सांगतात. त्याच गावात हेडली प्रॉसरने साठी गाठली, अख्ख्या गावाला मटण खाऊ घातलं, दोन मुलींची लग्नं लावून दिली. पण गाडीला ट्रेलर जोडून रिव्हर्स घेणं काही त्याला जमलं नाही.

ही गोष्ट त्याने बायकोपासूनही लपवली होती. पेट्रोल पंपावर तो अशा बेताने शिरायचा, की सरळ बाहेर पडता यावं. एकदा अंदाज चुकला, तेव्हा पुढे पुढे जात शेजारच्या गावी पोहोचला आणि तिथल्या मैदानाला वळसा घालून परतला. बायकोने, ग्लेनिसने, उशिराचं कारण विचारलं, तर म्हणाला, मेंढ्या आडव्या आल्या.

गावच्या उकिरड्यावर मात्र खड्ड्याच्या काठापर्यंत ट्रेलर मागेच न्यावा लागे. म्हणून हेडली कोणी नसताना जायचा, ट्रेलर लांब उभा करायचा आणि बादल्या भरभरून कचरा वाहायचा.

ईस्टरच्या आधी ग्लेनिसने जुना सोफा टाकायला काढला. तो बादलीत मावणारा नव्हता. वर तीही सोबत निघाली, आणि आवरायला इतका वेळ लावला की दोघं पोहोचली ती ऐन गर्दीत, आणि मागे गाड्यांची रांग लागली.

हेडलीने देवाचं नाव घेऊन गाडी मागे घेतली. ट्रेलर डावीकडे गेला. पुन्हा घेतली, उजवीकडे गेला. मग तो गाडीच्याच कुशीत शिरला. लोक खाली उतरले. कोणी म्हणे चाक उलटं फिरव, कोणी म्हणे सुलटं. फुटबॉल शिकवणारा बार्नी कूट शिट्टी वाजवत हातवारे करू लागला. उकिरड्याची राखणदार डॉट फेनर हिने लोकांनीच टाकून दिलेल्या खुर्च्या मांडल्या, थर्मासमधला चहा फिरला.

"हेडली," डॉट म्हणाली, "खड्डाच सरकवून तुझ्याकडे आणू का?"

हेडलीचे कान लाल झाले. समोर बघतच तो बायकोला म्हणाला, "ग्लेनिस, मला हे येत नाही. कधीच आलं नाही."

"ठाऊक आहे मला," ग्लेनिस म्हणाली. "हनिमूनला गाडीमागे कॅराव्हॅनचं फिरतं घर जोडून त्या मासळीवाल्याच्या मागच्या बोळात शिरलास, तेव्हाच कळलं. आठवडाभर तिथेच राहिलो आपण. तू म्हणालास, जागा फार शांत आहे. मी म्हटलं, असेल बाबा."

हेडली इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सोफा शेवटी चौघांनी उचलून टाकला. तरी ट्रेलर वाट अडवून उभाच. रांगेला कंटाळलेल्या डॉटने पक्कड घेतली आणि खड्ड्यापलीकडच्या कुंपणाची तार कापली. हेडली खड्ड्याच्या कडेकडेने सरळ मागच्या रस्त्याला लागला.

पुढच्या शनिवारी डॉट बघत बसली होती. गाड्या येत, कचरा टाकत आणि तारेच्या त्या भगदाडातून सरळ निघून जात. रिव्हर्स कोणीच घेईना. बार्नीही तसाच निघाला, तेव्हा तिने त्याला हटकलं.

"मान धरलीय गं," बार्नी म्हणाला. "मागे वळवतच नाही."

त्या दिवशी टॅलाबिनमध्ये बऱ्याच जणांच्या माना धरल्या होत्या. सोमवारी हेडली दुकानात प्रत्येकाला मटणाचे चॉप बांधून देताना मायेने म्हणत होता, "मान सांभाळ हं."