मी उभा राहिलो की मशीन चुकायचं

आता माझ्या हातून झालेले सगळे घोटाळे सांगत बसलो तर चहा गार होईल, म्हणून एकच सांगतो. यात एका चांगल्या मुलीची नोकरी जाता जाता राहिली, आणि ती घालवायला निघालेला शहाणा मीच होतो.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आळेफाट्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी कामाला होतो. गाड्यांच्या कुलपात बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आम्ही बनवायचो. बोटभर लांबीची चकचकीत पट्टी, तिला चार भोकं. शेठनी हौसेनं कॅमेऱ्यानं माप घेणारं मशीन आणलं होतं. पट्टी काचेवर ठेवायची. कॅमेरा आधी तिची सरळ कड शोधणार आणि त्या कडेपासून भोकांची मापं सांगणार. म्हणजे कडच तिरकी दिसली, तर पुढचं सगळं मुसळ केरात.

मशीनवर संगीता होती. अवसरी बुद्रुकची, आयटीआय झालेली, रोज एसटीनं यायची. तिची सहा महिन्यांची ट्रायल संपत आली होती. तिला कायम करायचं की नाही, हे शेठ कुणाला विचारून ठरवणार? मला! कारण मी नुकताच सुपरवायझर झालो होतो.

सुपरवायझर झालो म्हणजे काय, तर निळा युनिफॉर्म सुटला. मी लगेच चार पांढरे शर्ट शिवून घेतले. कडक इस्त्री करून यायचं आणि दिवसातून दहा वेळा मशीनवर वाकून बघायचं.

अशातच एक दिवस मशीन चुकायला लागलं. मी बघत होतो आणि चांगल्या पट्ट्या नापास होत होत्या. कड तिरकी, म्हणून चारही भोकं चुकलेली. मी काच पुसायला लावली. पट्टी बसवायचा साचा खोलून पुन्हा आवळला. ड्रिलवाल्यांना झापलं, अर्धा दिवस त्यांचं काम बंद ठेवलं. मग पुण्याच्या इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, धूळ बघा, उजेड बघा, हादरे बघा. मी नेमके हादरे धरून बसलो.

का? तर बाहेर नाशिक रस्ता! दिवसभर ट्रक जातात. मी फाटकात उभा राहिलो आणि ट्रक गेला की आत बघून हात वर करायचो. संगीतानं त्या वेळी माप घ्यायचं. तासभर उन्हात मी हात वर करत होतो. रस्त्यावरच्या दोन ट्रकवाल्यांनी, मी त्यांनाच हात दाखवतोय असं समजून, गाडी थांबवली.

आत आलो तर ती म्हणाली, "एकबी चुकली न्हाई, भाऊ."

मी म्हटलं, माझ्यासमोर घे. घेतली. चुकली.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? मी समोर असलो की माप चुकतं, मी गेलो की बरोबर येतं. रीडिंग वहीत लिहायची तीच. म्हणजे ही माझ्यामागं मनानं आकडे लिहिते! माझी छाती फुगली. छडा लागला म्हणून मी तडक शेठकडं गेलो आणि ही पोरगी खोटारडी आहे, हिला कायम करू नका, असं सांगून मोकळा झालो.

शेठ लेथवर हात काळे करून वर आलेले. त्यांनी लगेच काही ठरवलं नाही. मशीनजवळ स्टूल घेऊन बसले आणि आम्हा दोघांना बोलावलं. संगीताचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. ती म्हणाली, "शेठ, मी खोटं लिवत न्हाई. भाऊंना जरा भायेर पाठवा, आन् तुमी सोता बघा."

मी बाहेर गेलो. आत दहा पट्ट्या शेठच्या डोळ्यांदेखत पास झाल्या. मला आत बोलावलं, अकरावी नापास.

संगीतानं मला बाजूला केलं आणि माझ्या जागी वहीचा कोरा कागद धरला. बारावीही नापास. कागद काढला, पास. खिडकीतलं ऊन माझ्या शर्टावर पडत होतं, शर्टाचा उजेड चकचकीत पट्टीवर, आणि कॅमेरा त्या उजेडाच्या रेघेलाच कड समजत होता.

शेठ म्हणाले, "शर्ट काढ."

काढला. तरी नापास. बनियनही पांढरंच होतं.

शेवटी जुना निळा युनिफॉर्म चढवला, तेव्हा कुठं मशीन माझ्यासमोर खरं बोललं. मला मान वर करवेना. मी एका प्रामाणिक मुलीला खोटारडी म्हटलं होतं, तेही आपल्या शर्टापायी. सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या, भाऊ." शेठनी त्याच दिवशी तिला कायम केलं आणि मशीन बिघडलं तर काय करायचं याचा तक्ता लिहायला सांगितला.

महिन्याभरानं पुण्याचा इंजिनियर सर्व्हिसिंगला आला. पाहुणा येणार म्हणून मी पुन्हा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट चढवला होता. मशीन सुरू केलं, तर कड तिरकी. त्यानं भिंतीवरचा तक्ता वाचला. एक, काच पुसा. त्यानं पुसली. दोन, पट्टी नीट बसवा. बसवली. तीन वाचून तो थबकला आणि मागं वळून म्हणाला, "'भाऊ कुठं उभे आहेत ते बघा.' यातले भाऊ कोण?"

मी हात वर केला आणि दोन पावलं मागं सरकलो. पट्टी पास झाली.